गॅसवर दूध, हातात गेम : हार्डकोर आणि कॅज्युअल ओळखायचं कसं

सांगलीच्या विश्रामबागेत माझं कॉम्प्युटर विक्री-दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मे-जूनमध्ये निकाल लागले की आई-वडील पोराला घेऊन येतात. "ओ दादा, ह्याला गेमसाठी मशीन पाहिजे म्हणतोय, कसलं घ्यायचं?" किमतीचं बोलणं काढायच्या आधी मी पोराकडं वळून एकच विचारतो, "तू जो गेम खेळतोस त्यात मधेच उठता येतं का?" पोरगं आईकडं बघतं. उत्तर आईच देते, "हाका मारून घसा बसतो, उठतच नाही." मग मी पुन्हा विचारतो, उठत नाही की उठता येत नाही?

"उठत नाही" हा पोराचा स्वभाव असू शकतो. "उठता येत नाही" ही गेमची घडण असते. हार्डकोर गेम आणि कॅज्युअल गेम हे दोन शब्द तुम्ही कुठंतरी ऐकले असतील आणि नेमका फरक काय हे कुणी नीट सांगितलं नसेल, तर इथून सुरुवात करा. हा फरक मारामारीचा गेम आणि फळं जुळवायचा गेम असा नाही. लहानांचा आणि मोठ्यांचा असाही नाही. गेम तुमच्याकडून किती वेळ, किती लक्ष आणि किती सराव मागतो, एवढाच तो फरक आहे. हे आधी समजलं तर पैसे वाचतात आणि घरातली निम्मी भांडणं होतच नाहीत. म्हणून मी एवढं पोटतिडकीनं लिहितोय.

पायरी पहिली : शब्द समजून घ्या

आपल्याकडं कॅज्युअल गेमला सरसकट "टाइमपास गेम" म्हणतात. या शब्दात थोडी हेटाळणी आहे आणि ती मला मान्य नाही. ज्याचे नियम मिनिटभरात कळतात, जो एका बोटावर चालतो, ज्याचा डाव दोन-पाच मिनिटांत संपतो आणि हरलं तरी फार काही बिघडत नाही, तो कॅज्युअल गेम. असा गेम बनवायला फार डोकं लागतं. १९८० साली जपानच्या नामको कंपनीत तोरू इवातानी यांनी पॅक-मॅन केला. त्या वेळी गेम खेळायच्या दुकानांत गोळीबाराचेच गेम जास्त होते आणि तिथं सगळा मुलांचा गराडा. मुलींनाही खेळावंसं वाटेल असं काही करायचं म्हणून इवातानींनी खाण्याची कल्पना घेतली आणि फक्त एका दांडीवर (जॉयस्टिकवर) चालणारा गेम उभा केला. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाझितनोव यांनी टेट्रिस केला. सात प्रकारचे तुकडे, ते फिरवायचे आणि रचायचे. माझ्या पिढीची ओळख झाली ती १९९० च्या विंडोज ३.० मधल्या सॉलिटेअरपासून आणि १९९७ साली नोकिया ६११० मध्ये आलेल्या सापापासून. सॉलिटेअरमध्ये पत्ता उचलून दुसरीकडं ठेवता ठेवता कित्येक कारकुनांचा माउसवर हात बसला.

हार्डकोर गेम तुमच्याकडून सराव मागतो. बटणं जास्त, नियम जास्त, एका बैठकीला तास-दोन तास लागणार, आणि पहिले काही दिवस तुम्ही हरतच राहणार. २००५ च्या सुमारास याच जागेत माझा सायबर कॅफे होता, आठ मशीनचा. आतल्या सहा मशीनवर कॉलेजची पोरं काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळायची, तीन विरुद्ध तीन. त्यात एकदा मेलं की राउंड संपेपर्यंत परत येता येत नाही. मेलेला पोरगा खुर्चीत मागं रेलून बाकीच्यांच्या स्क्रीनकडं बघत बसायचा, आणि त्या बसण्यातच तो शिकायचा: कोण कुठल्या कोपऱ्यातून येतं, कुणाच्या पावलांचा आवाज कुठून ऐकू येतो. बाहेरच्या मशीनवर एक निवृत्त बँकवाले काका यायचे. ईमेल बघून झाली की दहा मिनिटं सॉलिटेअर खेळायचे आणि भाजी आणायला निघून जायचे. गेमचं सगळं जग त्या एका खोलीत होतं असं मला आजही वाटतं.

एक गफलत इथंच दूर करून घ्या. काही गेमच्या आत "हार्डकोर" नावाचा वेगळा पर्याय असतो. २००० सालच्या डायब्लो २ मध्ये तो होता, माइनक्राफ्टमध्ये आजही आहे. तिथं त्या शब्दाचा अर्थ ठरलेला आहे: जीव एकच. मेलात की ते पात्र संपलं, परत उठणं नाही. नवख्यानं पहिल्या दिवशी हा पर्याय निवडू नये.

पायरी दुसरी : दुधाची परीक्षा घ्या

कुठलाही गेम घेण्याआधी स्वतःला विचारा, गॅसवर दूध ठेवून हा खेळता येईल का? दूध वर आलं की दोन सेकंदांत उठायचं असतं. उठलात तर गेममध्ये काय होतं, ते बघा.

रंगीत मिठाया जुळवायचा कॅन्डी क्रश घ्या. बहुतेक लेव्हलमध्ये घड्याळ नसतं, चालींची संख्या ठरलेली असते. तुम्ही फोन ओट्यावर ठेवून गॅस बंद करा, दूध गाळा, चहा करून प्या. मिठाया जिथल्या तिथं वाट बघत असतात. सबवे सर्फर्समध्ये पोरगं रुळांवरून पळत असतं, पण थांबायचं बटण आहे आणि डाव तसाही दोन-तीन मिनिटांचा. दोन्ही या परीक्षेत पास.

आता बीजीएमआय, म्हणजे पबजी या गोळीबाराच्या गेमचा भारतातला अवतार. एका सामन्यात १०० जण उतरतात आणि इरँगलच्या मोठ्या नकाशावर शेवटपर्यंत टिकलात तर अर्धा तास जातो. चौघांचा स्क्वॉड असेल तर तुम्ही उठलात की तुमचं पात्र तिथंच उभं राहतं आणि बाकीचे तिघे एक माणूस कमी घेऊन लढतात. रँकचा सामना असेल तर तुमची घसरण होतेच, त्या तिघांचीही होऊ शकते. आईनं हाक मारल्यावर "पाच मिनिटं" म्हणून ओरडणारा पोरगा खोटं बोलत नसतो, तो तिघांना बांधलेला असतो. हे आई-वडिलांना समजलं पाहिजे. आणि जेवायची वेळ आठची असेल तर पावणेआठला नवा सामना सुरू करायचा नाही, हे पोराला समजलं पाहिजे. आमच्या घरात हाच नियम आहे: किती वाजता थांबायचं यापेक्षा शेवटचा सामना किती वाजता सुरू करायचा, हे ठरवायचं. त्यानं बराच फरक पडला.

एल्डन रिंग या राक्षसांशी लढायच्या अवघड गेममध्ये दुसराच प्रकार. एकट्यानं खेळत असलात तरी पॉजचं साधं बटण नाही. सामानाची यादी उघडून बसलात तरी समोरचा राक्षस चालत येतोच. पण मेनूतून गेम बंद केला तर तो तिथल्या तिथं सेव्ह होतो आणि पुन्हा उघडल्यावर त्याच जागी उभं करतो. म्हणजे लढाईत असाल तर दूध जाणार, रानात फिरत असाल तर वाचणार.

स्टारड्यू व्हॅली हा शेतीचा गेम दिसायला अगदी गोड आहे. एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून तो केला, २०१६ साली आला. आपल्या भागातल्या माणसाला तो लगेच जवळचा वाटतो. सांगलीची हळद शेतात आठ-नऊ महिने असते. इथं पार्सनिप नावाचं कंदमूळ लावलं की चार दिवसांत काढायला येतं. मेनू उघडला की वेळ थांबते, त्यामुळं दुधाला धोका नाही. पण कॉम्प्युटरवर हा गेम सेव्ह होतो तो रात्री झोपल्यावरच. गेममधला एक दिवस साधारण चौदा मिनिटांचा. संध्याकाळी मासे पकडताना लाईट गेली तर तो सगळा दिवस वाया, सकाळपासून पुन्हा. मे महिन्यात वळीव आला की आपल्याकडं काय होतं हे सांगायला नको. इन्व्हर्टर नसेल तर आभाळ भरून आल्यावर पात्राला लवकर झोपवा.

नेटचंही दुधासारखंच आहे, गेलं तर काय उरतं ते बघायचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला तेव्हा आम्ही सातजण गावभागात आत्याच्या वरच्या मजल्यावर अडकलो होतो. खाली कृष्णा घरात शिरलेली, लाईट नाही, फोनला रेंज नाही. माझा भाचा तेव्हा दहावीत, पबजीत भारी रँकवाला. त्याचा गेम उघडतच नव्हता. आत्याचा कॅन्डी क्रश मात्र नेटशिवाय चालत होता. पॉवर बँकवर तो एक फोन जिवंत ठेवला होता आणि रोज संध्याकाळी दहा मिनिटं मुलांना आळीपाळीनं एकेक लेव्हल खेळायला मिळायची. एरवी त्या गेमला नाक मुरडणारा भाचा आपली पाळी यायची वाट बघत जिन्यात बसायचा. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, फोनमध्ये नेटशिवाय चालणारा एक तरी गेम ठेवा.

पायरी तिसरी : हरल्यावर काय जातं ते बघा

दिसण्यावर जाऊ नका. फ्लॅपी बर्ड आठवतो? व्हिएतनामच्या डाँग न्गुयेन यांनी २०१३ मध्ये केलेला गेम. एक पक्षी, हिरवे पाइप, बोट टेकवलं की पंख हलतात. नियम दोन सेकंदांत कळतो आणि पहिला पाइप ओलांडायला दहा वेळा मरावं लागतं. दिसायला कॅज्युअल, मागणी हार्डकोर. २०१४ च्या फेब्रुवारीत न्गुयेन यांनी स्वतःच तो काढून घेतला, लोकांना त्याचं व्यसन लागतंय म्हणून. पण त्या गेममध्ये हरल्यावर जातं काय? पाच-दहा सेकंद. लगेच पुन्हा सुरू. म्हणून माणसं तासन्‌तास हरत राहिली.

याच्या उलट एल्डन रिंग. शत्रू मारून जमवलेले रून (गेममधलं चलन) तुम्ही मेलात की मेलात त्या जागी पडतात. परत तिथवर जाऊन उचलायचे. वाटेत पुन्हा मेलात तर कायमचे गेले. त्यात विसाव्याच्या जागी बसलं की रानातले बहुतेक शत्रू पुन्हा जिवंत होतात. अर्धा तासाची कमाई एका चुकीत जाऊ शकते, आणि त्या भीतीमुळंच हात थरथरतो, लक्ष एकवटतं, जिंकल्यावर खुर्चीतून उठून ओरडावंसं वाटतं. हार्डकोर गेमची गोडी त्या भीतीत आहे. ज्याला ती नकोशी वाटते त्यानं स्वतःला कमी समजू नये. दिवसभर दुकान, बँक, हप्ते सांभाळून आलेल्या माणसाला रात्री आणखी धास्ती नको असेल तर त्यात चूक काय?

मी पहिल्यांदा हा गेम लावला तेव्हा काय झालं ते सांगतो, कारण तुमचंही तेच होईल. गुहेतून बाहेर आलात की हिरवंगार माळरान दिसतं आणि समोरच्या वाटेवर सोनेरी चिलखतातला एक घोडेस्वार फिरत असतो. ट्री सेंटिनेल त्याचं नाव. वाटलं, गेमनं पहिलाच शत्रू दिलाय म्हणजे याला मारल्याशिवाय पुढं जाता येणार नाही. दीड तासात मी एकवीस वेळा मेलो. दुसऱ्या दिवशी भाचा शेजारी बसला आणि म्हणाला, "मामा, बाजूनं जा की." डावीकडच्या झाडांमधून वाकून गेलो आणि तो स्वार तिथंच राहिला. पुढं पंधरा-वीस तासांनी, घोडा मिळाल्यावर आणि अंगात जरा बळ आल्यावर परत येऊन त्याला हरवला, तिसऱ्या प्रयत्नात.

तालमीत पहिल्या दिवशी कुणी कुस्ती धरत नाही. आधी माती उकरायला लावतात, मग जोर-बैठका, आणि वस्तादाला योग्य वाटेल तेव्हा जोड लावतात. हार्डकोर गेममध्ये वस्ताद नसतो, त्यामुळं कुणाशी आत्ता भिडायचं नाही हे तुम्हालाच ओळखावं लागतं. नवख्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. गेम अवघड आहे म्हणून ते सोडत नाहीत, चुकीच्या जागी डोकं आपटत बसतात म्हणून सोडतात.

पायरी चौथी : गेम वेगळा, खेळणारा वेगळा

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. भाऊसाहेब पडसलगीकरांनी नूतन बुद्धिबळ मंडळाच्या माध्यमातून इथं हा खेळ रुजवला, इथल्याच स्वाती घाटे पुढं महिला ग्रँडमास्टर झाल्या. मी लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पर्धा बघायला जायचो आणि एक गोष्ट तिथं पहिल्यांदा पाहिली: मोहऱ्याला हात लावला की तेच चालवायचं. एका मुलानं चुकून उंटाला बोट लावलं, चूक त्याच्या लक्षात आली, बोट तसंच ठेवून तो पटाकडं बघत राहिला. समोरचा मुलगा गप्प. शेवटी त्यानं उंट चालवला आणि वजीर गमावला. त्याच खेळात घरी आम्ही दहा वेळा चाल परत घ्यायचो.

आज फोनवर तेच बुद्धिबळ उघडलं तर चाल परत घ्यायचं बटण आहे, तीन मिनिटांचा ब्लिट्झ, म्हणजे झटपट डाव आहे, आणि एका चालीला एक-दोन दिवस मिळतील असा डावही आहे. दुकानात गिऱ्हाईक नसताना मी असा डाव खेळतो, सकाळी एक चाल, संध्याकाळी एक. मोठ्या स्पर्धेतला क्लासिकल डाव मात्र चार-पाच तास चालतो. पट एकच, चौसष्ट घरं, बत्तीस मोहरे. मग बुद्धिबळ हार्डकोर की कॅज्युअल? कुठल्या पद्धतीनं खेळताय त्यावर ठरतं. म्हणून गेमचं नाव ऐकून शिक्का मारू नका. त्यात कुठले प्रकार आहेत आणि आपण कुठला खेळणार, हे बघा.

माझी आत्या अडुसष्ट वर्षांची आहे. तिच्या मते ती "गेमबिम काही खेळत नाही, नुसतं कॅन्डी क्रश". ती चार हजार लेव्हलच्या पुढं गेली आहे. एकदा तिच्या शेजारी बसून नीट बघितलं. ती पहिली चाल कधीच घाईनं करत नाही. आधी तळाकडं नजर, कारण खाली जुळवलं की वरच्या मिठाया कोसळतात आणि आपोआप आणखी जुळतात. चॉकलेट असेल तर ते सगळ्यात आधी फोडते. "हे एका चालीत नाही फोडलं तर वाढतंय बघ," म्हणाली. पाच एका रंगाच्या जुळवून रंगीत बॉम्ब मिळाला तरी लगेच वापरला नाही, शेजारी पट्ट्यांची मिठाई येईपर्यंत अकरा चाली थांबली. दोन्ही एकत्र केल्यावर अर्धा पट रिकामा झाला. पाच जीव संपले की दर अर्ध्या तासाला एक परत मिळतो, हे तिच्या दुपारच्या वेळापत्रकात बसलेलं आहे. तिला मी हार्डकोर खेळाडू म्हणतो आणि मनापासून म्हणतो. गेम कॅज्युअल आहे, ती नाही.

मी स्वतः त्याच्या उलट. शनिवारी रात्री तासभर एल्डन रिंग लावतो, घोड्यावर बसून नुसता फिरतो, फुलं तोडतो, डोंगरावरून सूर्य मावळताना बघतो. मोठा राक्षस दिसला की वाट बदलतो. असंही खेळता येतं.

पायरी पाचवी : पैशाचं आधी ठरवा

यात फार खोल जात नाही, पण हे वगळता येणार नाही. फुकट गेम बहुधा जाहिरातींवर किंवा आतल्या खरेदीवर चालतो. जीव संपले, चाली संपल्या, पोशाख हवा, की खरेदीचं बटण समोर येतं. ओळखीच्या एका घरात तिसरीतल्या मुलानं वडिलांच्या फोनवरून असे काही हजार उडवले आणि त्यांना कळलं ते बँकेचा मेसेज आल्यावर. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायचा पर्याय असतो. फोन मुलाच्या हातात देण्याआधी तो चालू करा. बीजीएमआयमध्ये १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तासांची मर्यादा आहे. खातं उघडताना वय खरं टाकलं तरच तिचा उपयोग.

पैसे लावून खेळायचे रमीसारखे ऑनलाइन प्रकार हार्डकोरही नाहीत आणि कॅज्युअलही नाहीत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं कायदा करून अशा पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घातली आहे. ई-स्पोर्ट्स (गेमच्या स्पर्धा) आणि पैसे न लावता खेळायचे गेम त्या कायद्यानं वेगळे धरले आहेत. कुणी "खेळून कमव" म्हणत लिंक पाठवली तर उघडू नका.

पायरी सहावी : मशीन शेवटी, आधी पहिला आठवडा

दुकानदार असून सांगतो, लगेच काही विकत घेऊ नका. हातात आहे त्या फोनवर आठवडा घालवा. तीन दिवस एखादा जुळवाजुळवीचा गेम, रोज वीस मिनिटं. पुढचे दोन दिवस फोनवरचं बुद्धिबळ किंवा लुडो, माणसाशी, म्हणजे समोर कुणीतरी वाट बघतंय ही जाणीव कशी असते ते कळेल. उरलेले दोन दिवस वेगाचा एखादा गेम. रोज झोपताना एकच गोष्ट आठवून बघा: हरल्यावर "अजून एकदा" वाटलं की "नको बाबा"? आणि कुठल्या गेमला वाटलं? या उत्तराइतका भरवशाचा सल्ला तुम्हाला मीसुद्धा देऊ शकणार नाही.

"अजून एकदा" वाटलं असेल तर पुढची पायरी कॉम्प्युटर किंवा कन्सोलवरचा (टीव्हीला जोडायच्या गेमच्या यंत्रावरचा) मधल्या ताकदीचा गेम. स्टारड्यू व्हॅली इथं उत्तम. थोडं धाडस करायचं असेल तर २०१८ चा सेलेस्ट, डोंगर चढणाऱ्या मुलीचा. तो चांगलाच अवघड आहे, पण त्यात असिस्ट मोड नावाची सोय आहे: गेमचा वेग कमी करता येतो, दम संपणार नाही असं करता येतं, हवं तर मरणच बंद करता येतं. ही सोय वापरायला लाजू नका. सायकल शिकताना मागून कुणीतरी धरलेलं असतंच, आणि कधी सोडायचं ते इथं तुमच्याच हातात आहे. एल्डन रिंगमध्ये सोपं-अवघड निवडायचा पर्याय नाही, म्हणून तो पहिला घेऊ नका.

आता मशीन. स्टारड्यू व्हॅलीला २ जीबी रॅम आणि ५०० एमबी जागा पुरते, घरातला दहा वर्षांचा लॅपटॉपही तो चालवतो. एल्डन रिंगला किमान १२ जीबी रॅम, ६० जीबी जागा आणि वेगळं ग्राफिक्स कार्ड लागतं. म्हणजे एका गेमला मशीनवर शून्य रुपये खर्च आणि दुसऱ्याला नवं मशीन. गेम न ठरवता मशीन घ्यायला येणाऱ्यांना मी परत पाठवतो ते याच कारणानं. काउंटर-स्ट्राइक किंवा व्हॅलोरंटसारखा नेटवरचा गोळीबाराचा गेम खेळायचा असेल तर पिंग बघा. तुमच्या मशीनचा निरोप सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग, तो मिलिसेकंदांत दिसतो. ३०-४० असेल तर मजेत खेळा. १५० च्या पुढं गेला की शत्रू तुम्हाला दिसेपर्यंत त्याची गोळी लागलेली असते, आणि त्यात दोष तुमच्या हाताचा नसतो. अशा वेळी महागड्या माउसपेक्षा राउटरपासून मशीनपर्यंत ओढलेली वायर जास्त कामाला येते. एकट्यानं खेळायच्या गेमला यातलं काहीच बघायची गरज नाही.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून गेम विकत घेतलात आणि तो पटला नाही, तर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि एकूण खेळणं २ तासांपेक्षा कमी असेल तर पैसे परत मागता येतात. हे दोन तास जपून वापरा. गेम चालू ठेवून चहाला गेलात तरी ते मोजले जातात. पहिली वीस मिनिटं सेटिंगमध्ये घालवू नका. थेट खेळा, दोन-तीनदा हरा, एकदा मधेच उठून बघा, सेव्ह कसं होतं ते तपासा. दीड तास झाला की थांबा आणि ठेवायचा की परत करायचा ते त्याच रात्री ठरवा, कारण दुसऱ्या दिवशी "अजून थोडं बघू" म्हणत बसलात की दोन तास उलटून गेलेले असतात.